आमच्या घरातला जमदग्नी

खिडकीजवळच्या लाकडी टेबलावर, डाव्या कोपऱ्यात त्याची जागा आहे. रंग काळा, अंगकाठी रुंद, पाठीच्या दोन्ही टोकांना माशाच्या कल्ल्यांसारख्या जाळ्या. स्क्रीन १५.६ इंचांची, वजन सव्वादोन किलोच्या वर आणि सोबत विटेसारखा जड चार्जर. कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस आणि डी ही चार अक्षरं बोटं घासून पुसट झाली आहेत. पुढं, डावीकडं, मागं, उजवीकडं, गेममधली सगळी चाल या चार कळांवर असते. बाकीचा कीबोर्ड अजून नव्यासारखा आहे. तळहातावरचे घट्टे पाहून माणसाचं काम ओळखावं, तसं या चार कळा पाहून त्याचं आयुष्य ओळखता येतं.

घरात त्याला जमदग्नी म्हणतात. नाव धाकटीनं ठेवलं, तेव्हा ती सातवीत होती आणि तिचा दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २०१९ च्या जुलैत हा लॅपटॉप घरी आला तो दादाच्या अभ्यासासाठी. दिवसा त्यावर आराखडे तयार व्हायचे, रात्री गेम चालायचे. आता दादा पुण्यात नोकरीला आहे, कंपनीनं त्याला दुसरा लॅपटॉप दिला आहे आणि जाताना त्यानं हा बहिणीच्या हवाली केला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा तिनं यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलेला पहिला गेम. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. आमच्या घरी मात्र दर रविवारी रात्री नऊ वाजता थोरला भाऊच धाकटीला भेटायला येतो. दोघंही कानाला हेडफोन लावतात आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम एकत्र खेळतात. एक अकोल्यात, एक पुण्यात. वळणं घेता घेता त्यांच्या गप्पा चालतात. तिची परीक्षा, त्याची खानावळ, घरातली खबरबात, सगळं त्या तासाभरात होतं. म्हणून हा लॅपटॉप अडखळतो तेव्हा गेम अडखळतो एवढंच होत नाही. भावाबहिणीचं बोलणं तुटतं.

आणि तो अडखळायचा. गेल्या उन्हाळ्यात तर दर रविवारी.

त्याच्या स्वभावाचा क्रम ठरलेला होता. गेम सुरू झाला की पहिली पाच मिनिटं तो अगदी शांत. मग पंख्यांचा आवाज हळूहळू चढायचा. दहाव्या मिनिटाला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा. पंधराव्या मिनिटाला कीबोर्डचा वरचा पट्टा हात ठेववणार नाही इतका तापायचा आणि डावीकडच्या जाळीतून येणारी झळ लागून स्टीलच्या पेल्यातलं पाणी कोमट व्हायचं. विसाव्या मिनिटाला चित्रं अडखळू लागायची. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणारा हा गडी वीस-बावीसवर यायचा, रस्त्यावरची गाडी उड्या मारत जायची. मिनिटभरानं पुन्हा सुरळीत, पुन्हा अडखळ. मे महिन्यातल्या एका रात्री शर्यतीचा शेवटचा फेरा चालू असताना तो काहीही न सांगता बंद झाला. स्क्रीन काळी, पंखे गप्प. "बाबा, गेला हा!" म्हणून धाकटी ओरडली. पलीकडं दादा एकटाच बोलत राहिला असणार.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. त्यांनी तो उघडलाही नाही. चालू करून पाहिला, हात लावला आणि मदरबोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं. खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या घरात होता. शेजाऱ्यांनी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. तसं करू नये, हे विज्ञानशिक्षक म्हणून मला माहीत होतं. थंड झालेलं यंत्र बाहेर काढलं की हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते, आणि सर्किटवर बसलेलं दव उष्णतेपेक्षा घातक. तिसरा सल्ला कूलरसमोर ठेवण्याचा होता. आमचा भाग खारपाणपट्ट्याला लागून. कूलरच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरा क्षार चढतो. तेच क्षाराचं पाणी तुषार होऊन लॅपटॉपच्या पोटात जाणार, म्हणून तोही सल्ला बाजूला ठेवला.

उत्तर आलं ते मात्र कूलरकडूनच.

त्याच आठवड्यात आमचा कूलर दुरुस्त करायला एक म्हातारे कारागीर आले होते. मोटर ठीक होती, पंप ठीक होता, ताट्या नव्या होत्या आणि तरी खोली गार होत नव्हती. त्यांनी कूलरला हात लावायच्या आधी खोलीभर नजर फिरवली आणि समोरची बंद खिडकी दाखवली. "सर, ते उघडा आधी. आतली हवा बाहीर जाईन नाही, तर नवी येईन कुठून?" खिडकी उघडली. दहा मिनिटांत खोली बदलली. विदर्भातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला हा नियम आहे. उकाड्यात धाकटीनं धूळ नको म्हणून ती खिडकी लावून घेतली होती, एवढंच. माझी नजर टेबलाकडं गेली. लॅपटॉपची मागची जाळी भिंतीला जवळजवळ टेकलेली होती. तो रात्रंदिवस बंद खिडकीच्या खोलीत राबत होता आणि आम्ही त्याला तापट म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही काढली. आजाऱ्याच्या उशाशी तापाचा तक्ता असतो, तसा त्याचा तक्ता सुरू केला. एचडब्ल्यूइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरचं तापमान, वेग, लागणारे वॅट आणि पंख्यांचे फेरे क्षणाक्षणाला दाखवतं. पहिली नोंद अशी आहे: खोली ३७ अंश, गेम सुरू होण्याआधी प्रोसेसर ५८, विसाव्या मिनिटाला ९८. ग्राफिक्स चिप ८६. पंखा मिनिटाला ५,२०० फेरे. प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून घसरून २ गिगाहर्ट्झच्या खाली.

ही शेवटची ओळ मी बराच वेळ पाहत होतो. तापमान ९८ वर होतं आणि त्याच्या पुढं जात नव्हतं. या जातीच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची असते. चिपच्या आतच बारीक तापमापक बसवलेले असतात. पारा मर्यादेजवळ आला की चिप आपणहून वेग कमी करते, वीज कमी घेते, थोडी निवते आणि पुन्हा वेग वाढवते. इंग्रजीत याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानंही भागलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून सगळं बंद करते. म्हणजे ज्या अडखळण्याला आम्ही सहा वर्षं त्याचा राग समजत होतो, तो त्याचा संयम होता. शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यात तो बंद पडला, तो स्वतःला जळू न देण्यासाठी. असं करणारं यंत्र बिघडलेलं नसतं. त्याला आपल्या जिवाची आणि मालकाच्या वस्तूची काळजी असते.

मग एवढा ताप येतो कुठून? त्यासाठी तो काय काम करतो ते पाहायला हवं. स्क्रीनवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवायचा. रस्त्यावरची सावली, काचेवरचं ऊन, चाकाखालची धूळ, सगळं हिशेबानं. हे करताना प्रोसेसर ४५ वॅट आणि ग्राफिक्स चिप ८० वॅट घेते. मिळून सव्वाशे वॅट. पीठ दळलं की वीज पिठात उतरते असं तरी म्हणता येतं. इथं तसं हातात काही येत नाही. जेवढी वीज आत जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या पिवळ्या शंभर वॅटच्या बल्बला हात लावलेली माणसं अजून घराघरांत आहेत. तो बल्ब उघड्या हवेत टांगलेला असायचा. त्याच्याहून जास्त उष्णता एक इंच जाडीच्या बंद डबीत, आणि ती निघते नखाएवढ्या दोन सिलिकॉनच्या तुकड्यांतून.

हा त्याच्या पिढीचाच ताप आहे. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होतील तसा त्यांना लागणारा व्होल्टेज कमी करता येईल, आणि तेवढ्याच जागेत कितीही जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी उष्णता वाढणार नाही. तीस वर्षं तसंच झालं. पुढं ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला. वेगाच्या वाटेवर उष्णतेची भिंत आली होती. त्यानंतर कंपन्यांनी एकाच गाभ्याला पळवण्याऐवजी अनेक गाभ्यांत काम वाटायला सुरुवात केली. आमच्या जमदग्नीच्या पोटात सहा गाभे आहेत ते याच इतिहासामुळं.

वहीत मी एक नियम सुरुवातीलाच लिहून ठेवला: एका वेळी एकच बदल. प्रयोगशाळेत मुलांना हेच सांगतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हे कळत नाही.

पहिला बदल जागेचा. धाकटीला पलंगावर बसून खेळायची सवय होती. लॅपटॉप हवा घेतो पोटाखालून आणि सोडतो पाठीमागून. कापसाच्या गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या गादीत रुततात आणि नाक दाबलं जातं. टेबलावर ठेवला तर मागं भिंत. म्हणून टेबल भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं आणि लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन लाकडी ठोकळे ठेवले, दोन सेंटिमीटर उंचीचे. खर्च शून्य. विसाव्या मिनिटाचं तापमान ९८ वरून ९३ वर आलं. पाच अंश. धाकटीनं नोंदीखाली लाल पेनानं रेघ ओढली.

दुसरा बदल पोट उघडण्याचा. त्याची वॉरंटी केव्हाच संपली होती, तेव्हा ती मोडण्याची भीती नव्हती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उशीच्या अभ्र्यावर पालथा ठेवला. तळाचे अकरा स्क्रू. काही लांब, काही आखूड. कोणता कुठला हे विसरू नये म्हणून धाकटीनं कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जिथला स्क्रू तिथंच चिकटवला. तळ उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची तार सोडवण्याचं. त्याआधी आत स्क्रूड्रायव्हर नेऊ नये. बॅटरी नीट पाहून घेतली. सतत तापलेली लिथियमची बॅटरी कधी कधी फुगते, ट्रॅकपॅड वर उचलला जातो. तसं दिसलं तर लॅपटॉप त्या क्षणापासून चार्ज करायचा नाही, बॅटरी बदलायची. आमची सपाट होती.

आता पंखे दिसले. दोन, प्रत्येकाची पाती पातळ आणि दाट. पात्यांवर थोडी धूळ होती, पण ती काही विशेष नव्हती. खरी गोष्ट पंख्याच्या पुढं होती. पंख्यातून निघालेली हवा तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या कंगव्यातून बाहेर जाते. पंख्याचं आवरण उचललं तेव्हा तो कंगवा दिसलाच नाही. त्याच्या तोंडावर करड्या रंगाचा एक पट्टा बसला होता, जाड, मऊ, घट्ट. मी तो चिमट्यानं ओढला तर अखंड निघाला, पिंजाऱ्याच्या हाताखालून निघालेल्या पेळूसारखा.

तो कापूस होता. अकोल्यात हिवाळा लागला की कापसाच्या गाड्या येतात, जिनिंगची यंत्रं चालू होतात आणि सरकीपासून सुटलेले बारीक तंतू हवेत तरंगतात. घरातल्या गाद्या, अभ्रे, कपडे यांचे तंतू त्यांत मिसळतात. झाडलं की जमिनीवरचे जातात. पंख्यानं ओढलेले आत जातात आणि कंगव्याच्या पहिल्या पत्र्याशी अडतात. एक तंतू अडला की दुसरा त्याला धरतो. धूळ त्यात रुतते. सहा हिवाळ्यांचा कापूस त्या नखभर रुंदीच्या फटीत बसला होता. ज्या पिकावर आमच्या मागच्या तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या, त्याच पिकाचं इतकं बारीक रूप मी पहिल्यांदा हातात घेत होतो. धाकटीनं तो पट्टा वहीच्या पानावर चिकटवून ठेवला आहे.

साफसफाई मऊ ब्रशनं आणि हवेच्या ब्लोअरनं केली. ब्लोअर मारताना एक काळजी घ्यायची: पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं अडवून धरायचं. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरतो, बेअरिंग झिजतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत लावायचा नाही, त्यानं स्थिर विद्युत साठून सर्किटला इजा होऊ शकते. तळ पुन्हा बसवला, त्याच गेमची तीच शर्यत लावली. खोली ३६, विसाव्या मिनिटाला प्रोसेसर ८६. वेग घसरला नाही. गाडी उड्या न मारता शेवटच्या वळणापर्यंत गेली.

इथंच थांबता आलं असतं. पण पोट उघडलं तेव्हा मला त्याच्या आतला जो अवयव दिसला होता, त्यानं स्वस्थ बसू दिलं नाही. दोन्ही चिपवरून पंख्यांपर्यंत चपट्या तांब्याच्या तीन नळ्या गेल्या होत्या. या उष्णतानलिका. इंग्रजीत हीट पाइप. दिसायला तांब्याची भरीव पट्टी, पण आत पोकळ. हवा काढून घेतलेल्या त्या पोकळीत थोडंसं पाणी असतं आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर. दाब कमी असल्यामुळं पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही, बरंच आधी उकळतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता उचलतं. वाफ पंख्याच्या टोकाला धावते, तिथं गार होऊन पुन्हा पाणी होते आणि उष्णता कंगव्याला देऊन टाकते. पाणी परत कसं येतं? समईच्या वातीतून तेल चढतं तसं, अस्तराच्या छिद्रांतून. ना मोटर, ना पंप. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नलिका करून दाखवली ती अंतराळातल्या वीजनिर्मितीच्या कामासाठी. आज ती माझ्या मुलीच्या टेबलावर आहे.

ओट्याजवळ माठ आहे, खिडकीत कूलर आहे, टेबलावर हा आहे. तिघांचं शास्त्र एकच: पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. माठ आणि कूलर ती वाफ हवेला देऊन टाकतात, हा तीच वाफ पुन्हा पुन्हा वापरतो. ज्याला आम्ही घरात परका, रागीट समजत होतो, तो माठाच्या कुळातला निघाला.

नळ्या चिपला जिथं टेकतात तिथला दुवा म्हणजे थर्मल पेस्ट. दोन गुळगुळीत धातू एकमेकांवर ठेवले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटीत हवा. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून ती हवा म्हणजे मोठा अडसर. पेस्ट त्या फटी भरते. पेस्ट स्वतः तांब्याच्या तुलनेत कमकुवत वाहक आहे, त्यामुळं ती जास्त लावली की फायदा कमी होतो. पातळ थर हवा. रोज तापून रोज निवताना धातू पसरतो, आकसतो आणि पेस्ट हळूहळू कडेला सरकते, सुकते. आमच्या चिपवर मध्यभाग उघडा पडला होता आणि कडेला वाळलेल्या चिखलासारखी खपली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसली, नवी पेस्ट वाटाण्याहून लहान थेंबाएवढी लावली. तांब्याच्या पट्टीचे स्क्रू सोडताना आणि बसवताना त्यांच्याजवळ कोरलेल्या आकड्यांचा क्रम पाळायचा, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत जायचं, म्हणजे नाजूक चिपवर एका बाजूनं भार येत नाही. ज्यांचा हात स्थिर नाही त्यांनी हे काम जाणकाराकडून करून घ्यावं. नोंद: खोली ३६, प्रोसेसर ८०, ग्राफिक्स चिप ७३.

यानंतरचे बदल त्याच्या अंगावर नव्हते, आमच्या मागण्यांवर होते. त्याची स्क्रीन सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकते म्हणून गेमच्या सुरुवातीच्या स्थिर पानावरसुद्धा तो शंभरावर चित्रं रंगवत बसायचा. कोणी पाहत नसलेल्या पानासाठी. गेमच्या सेटिंगमध्ये साठ फ्रेमची मर्यादा घातली, सावल्यांचा दर्जा एक पायरी उतरवला. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याचा हा फरक मोठा आहे: त्यानं टर्बो बंद होतो आणि प्रोसेसर आपल्या मूळ वेगावर, आमच्याकडं २.६ गिगाहर्ट्झवर, चालतो. या गेमला तेवढा पुरतो. व्होल्टेज उतरवण्याचा उपायही चांगला असतो, कारण लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दहा टक्के उतरवला तर वीज एकोणीस टक्के वाचते. पण डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाची एक त्रुटी उघड केली. व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरमधली गुप्त माहिती फोडता येत होती. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर ही सोय सुरक्षेसाठी बंद झाली. आमच्या लॅपटॉपवरही बंद आहे, आणि ती तशीच राहू दिली. शेवटची नोंद: खोली ३६, प्रोसेसर ७१. पंखा ३,४०० फेरे. पंख्याच्या आवाजाच्या वर आता दादाचं बोलणं ऐकू येतं.

खोलीचं तापमान मी प्रत्येक नोंदीत लिहिलं त्याला कारण आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश दिली आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि रात्री नऊ वाजताही भिंती तापलेल्या असतात. हवा जितके अंश जास्त गरम, जवळपास तितकेच अंश चिपच्या तापमानात वाढतात. ज्या हवामानासाठी तो घडवला गेला नाही, त्या हवामानात तो सहा उन्हाळे राबला. म्हणून मे महिन्यापुरती भावाबहिणीची शर्यत आता रविवारी सकाळी सात वाजता होते. हवा तेव्हा ३० च्या आसपास असते. दादाला लवकर उठावं लागतं, तो उठतो.

हे सगळं झाल्यावर एका सकाळी धाकटीनं मला विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला अजून जमदग्नी म्हणता?" मी तिला सांगितलं की नाव राहू दे, अर्थ आपण बदलू. जमदग्नी ऋषी होते, ते तप करत. तप आणि ताप एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. या यंत्राचा तापही त्याच्या कष्टातून येतो.

तापणाऱ्या लॅपटॉपला बिघडलेला म्हणण्याआधी चार गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही: त्याची हवा कुठून येते, कुठून जाते, वाटेत काय अडलं आहे आणि आपण त्याच्याकडून किती मागतो आहोत. मदरबोर्ड जातो, पंखा जळतो, असंही घडतं. पण ती शेवटची शंका असावी, पहिली नाही. आमच्या बाबतीत मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. खर्च आला तो पेस्टच्या एका नळीचा आणि अल्कोहोलच्या एका बाटलीचा, आणि एक यंत्र कचऱ्यात जाण्यापासून वाचलं.

आता मार्च महिन्यात ज्या रविवारी कूलर खाली उतरवून त्याला नव्या ताट्या बसवतो, त्याच रविवारी याचे अकरा स्क्रू सोडतो. यंदा निघालेला कापूस बोटाच्या पेराएवढाच होता. वहीत त्याच्यापुढं तारीख घातली आहे आणि समोरची खिडकी उघडी आहे.